मालनआजीच्या घरचं पाणी

कल्पना करा, तुम्ही दहा वर्षांचे आहात. रविवारची दुपार आहे आणि मोहन्यातल्या एका पांढऱ्या मांडवात तुम्ही शाळेचा पी.टी.चा गणवेश घालून बसला आहात. कारण इथे पांढरे कपडे घालायचे असतात आणि तुमच्या कपाटात दुसरं पांढरं काहीच नाही. जमलं? आता घशाला चांगली कोरड पडू द्या. झालात तुम्ही प्राप्ती.

प्राप्ती तिच्या बाबांबरोबर कोपरीहून आली होती. तिची मैत्रीण संचिता पूर्वी त्यांच्याच इमारतीत, समोरच्या घरात राहायची. मागच्या वर्षी ती मंडळी मोहन्याला गेली. गेल्या आठवड्यात संचिताची मालनआजी वारली आणि आज तिचं पुण्यानुमोदन, म्हणजे बौद्ध रीतीने गेलेल्या माणसाची आठवण करायचा कार्यक्रम, होता.

समोर बुद्धाची मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो आणि शेजारी हसणारी मालनआजी. मेणबत्त्या पंख्याच्या वाऱ्याने विझत होत्या आणि एक काका त्या पुन्हा पुन्हा पेटवत होते. पंखा बंद करायचं कुणालाच सुचत नव्हतं. सगळ्यांनी हात जोडून त्रिशरण-पंचशील म्हटलं. प्राप्तीला शब्द येत नव्हते, म्हणून तिने नुसते ओठ हलवले.

मग एकेक जण उठून आजीबद्दल बोलू लागला. आजी दारात आलेल्या कुणालाही पाणी दिल्याशिवाय सोडत नसे. एक गृहस्थ म्हणाले, मी तर चुकून त्यांची बेल वाजवली होती, तरी दोन ग्लास प्यावे लागले. लोक हसले आणि हसता हसता डोळे पुसू लागले. मरणाच्या घरी असं हसलेलं चालतं, हे प्राप्तीला ठाऊक नव्हतं.

तेवढ्यात संचिता पाण्याचा ट्रे घेऊन आली. निघताना प्राप्तीच्या आईने बजावलं होतं, तिथे पाणीसुद्धा घ्यायचं नाही, घरी येऊन आधी आंघोळ. म्हणून प्राप्तीने मानेनेच नको म्हटलं. बाबांनीही हाताने नकार दिला. थोड्या वेळाने संचिता पुन्हा आली. पुन्हा नको. तिसऱ्यांदा मात्र तिने ट्रे खाली ठेवला.

"आजी होती तेव्हा आमच्या घरचं पाणी चालायचं तुला."

प्राप्तीला काही कळेना. आता ही आपल्याशी कधीच बोलणार नाही, एवढंच तिला दिसलं. ती रडवेली होऊन म्हणाली, "आई म्हणाली, कुणी गेलं की त्या घरी पाणी पीत नाहीत. आम्ही काकाच्या घरीही नाही प्यायलो."

शेजारीच संचिताचे दगडूआजोबा बसले होते. ते म्हणाले, "मालनने हे ऐकलं असतं, तर आधी तुझ्या आईला दोन ग्लास पाजले असते."

मग त्यांनी दोघींना जवळ बसवलं. एके काळी आपल्या माणसांना गावाच्या पाणवठ्याला हातही लावू देत नसत, हे संचिताने त्यांच्याकडून ऐकलेलंच होतं. ते त्यांनी प्राप्तीलाही सांगितलं. म्हणून कुणी पाणी नको म्हटलं की या घरात ते मनाला लागतं, आणि घरातलं माणूस गेलेलं असताना तर जास्तच लागतं. पण प्राप्तीच्या घरची रीत वेगळी, तिच्या मनात तसलं काही नव्हतं, हेही त्यांनी संचिताला समजावलं.

"तुला नको असेल तर नको पिऊस, पोरी," ते शेवटी म्हणाले. "कारण कळलं, झालं."

संचिता खाली बघत फ्रॉकचं टोक मुरगळत राहिली. ट्रे दोघींच्या मध्ये होता.

प्राप्तीने ग्लास उचलला आणि एका दमात रिकामा केला. मग दुसराही. ओठ पुसून तिने ट्रे स्वतःच उचलला, संचिताला कोपराने ढोसलं आणि दोघी मिळून सरळ बाबांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. बाबांनी पुन्हा हाताने नको म्हटलं. प्राप्तीने ग्लास त्यांच्या नाकापाशी धरला आणि ते पिईपर्यंत ती तिथून हलली नाही.