वाहक म्हणजे कोण?

मित्रांनो, मी एक जुना शब्द आहे. माझं नाव 'वाहक'. वाहून नेतो तो वाहक, इतका साधा माझा अर्थ. पुष्कळ वर्षं मी एस.टी.त दाराजवळच्या सीटवर रंगवलेला होतो. तिथं तिवस्याचे देवीदास बसत. पण त्यांना सगळे 'कंडक्टर' म्हणत. मला कोणी उच्चारतही नसे, याचं जरा वाईट वाटे.

मग एक दिवस मी त्यांच्या घरी पोहोचलो. त्यांची मुलगी गीतांजली अमरावतीला कॉलेजात शिकते. तिथं रक्ततपासणी झाली आणि तिच्या पिवळ्या कार्डावर मला लिहिलं: 'सिकलसेल वाहक'. सिकलसेल हा आईवडिलांकडून मुलांत येणारा रक्ताचा आजार. मला वाचून तिची आई माणिकबाई रडूच लागल्या. चारच दिवसांपूर्वी अंजनगावच्या योगेशशी तिचं लग्न ठरलं होतं.

"हे कार्ड पेटीत टाक. पाव्हण्याईले काहून सांगाचं?"

"आई, मी बिमार नाही," गीतांजली म्हणाली. "बाबा गाडीत दुसऱ्याचं पार्सल नेतेत ना? तसा माह्या रक्तात आईबापाकडून आलेला एक गुण हाय. मी तो नेते, मले त्याचा तरास नाही. पन योगेशबी वाहक असला, तं आमच्या लेकराले बिमारी होऊ शकते. म्हनून सांगा लागते."

"आईबापाकडून?" देवीदास दचकले. दुसऱ्याच दिवशी त्यांनी स्वतःचं रक्त तपासायला दिलं. निकालाच्या कागदावर पुन्हा मीच होतो.

"पाह्य, मी अठ्ठावीस वर्षांपासून वाहकच हावो!" ते म्हणाले, तेव्हा कुठं माणिकबाई हसल्या.

देवीदास कार्ड घेऊन अंजनगावला गेले. त्यांनी सगळं सांगून टाकलं. योगेशच्या आईनं, मैनाबाईंनी, हातातला चहाचा कप खाली ठेवला. योगेश लगेच उठला.

"मीबी तपासून येतो, काका."

आठ दिवस दोन्ही घरांत कोणाला जेवण गोड लागलं नाही. अहवाल आला. योगेश वाहक नव्हता. मैनाबाईंनी स्वतः फोन लावला.

"पोरीनं लपवलं नाही," त्या म्हणाल्या. "अशीच सून पायजे होती मले."

मित्रांनो, कोणाच्या कार्डावर मी दिसलो तर त्याला आजारी समजून दूर बसवू नका. मोठे व्हाल तेव्हा लग्नाआधी दोघंही रक्त तपासून घ्या. आणि माझा अर्थ आजच घरी जाऊन आईला सांगा.