गुलाबांच्या वाफ्यातलं अर्थिंग

नणंद-भावजयींनी मिळून कॉम्प्युटर क्लास काढायचा घाट घातला, तेव्हा घरच्यांनी आधी पोटभर हसून घेतलं. पण दोघी हटल्या नाहीत. वरची खोली रंगवली, यंत्रं मांडली. बटण दाबून नणंदेने पहिल्या यंत्राच्या पत्र्याला हात लावला मात्र, ती किंचाळलीच.

"वहिनी, हा चावतो गं!"

"नवा आहे, माणसाळेल," म्हणत वहिनीने हात लावला आणि तीही टुणकन उडाली.

बोलावल्याबरोबर वायरमन आला. त्याने पत्र्याला टेस्टर टेकवला. टेस्टरमधला दिवा लागला. तेवढ्यात आरडाओरडा ऐकून खालच्या मजल्यावरचे काका तणतणत वर आले.

"काय चाललंय?"

"यंत्र चावतंय, काका."

"यंत्र कधी चावतं होय?" कुणी अडवायच्या आत त्यांनी पंजा टेकवला. पुढच्या क्षणी ते दारात होते, चष्मा कपाळावर.

वायरमनने घाईने मेन स्विच पाडला, सॉकेट उघडलं आणि मान हलवली. "तिसरं भोक नुसतं शोभेला. मागे अर्थिंगची तारच नाही. पत्र्यावर आलेल्या विजेने जायचं कुठे? जमिनीत सळई ठोकून तिथून हिरवी तार प्रत्येक सॉकेटला आणावी लागेल. माती ओली हवी." त्याने खिडकीतून खाली बोट दाखवलं. "ती जागा झकास."

तो काकांचा गुलाबांचा वाफा होता. तिथे मांजराचीही पाऊल टाकायची प्राज्ञा नव्हती.

काकांनी झटका बसलेला हात चोळत खाली वाफ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "खड्डा मी खणणार. तुम्ही मुळं तोडाल."

आणि असे सुटले म्हणता! वहिनी माती ओढतेय, नणंद फांद्या धरतेय, काका घामाघूम होऊन हुकूम सोडताहेत. शेवटी वायरमनच म्हणाला, "काका, पुरे! विहीर नाही खणायची!"

"आणि ही माती ओली कोण ठेवणार?" काकांनी विचारलं.

"तुम्हीच."

काकांची छाती फुगली.

सळई बसली, तारा जोडल्या, मीटर लावून वायरमन खूश झाला. मेन स्विच वर केला, तरी पत्र्याला हात लावायला कुणी पुढे होईना. नणंदेने डोळे मिटून बोट टेकवलं. काही नाही! मग अख्खा हात. ती हसतच सुटली, वहिनीला मिठी मारून गोल गोल फिरली.

काका मात्र खुर्ची ओढून यंत्रापुढे बसले होते.

"बाईंनो, नाचून झालं असेल तर सांगा," ते म्हणाले, "यात माझ्या गुलाबांचे फोटो कसे टाकायचे?"