तिसरा पदार्थ

"सुरी दे गं जरा, दोरा कापायचाय." फुलवालीने शेजारच्या ओट्यावरून हात पुढे केला.

थोरलीने बकऱ्याच्या खांद्यातून सुरी ओढून काढली, फडक्याला पुसली आणि लाकडी ठोकळ्यावर ठेवली. फुलवालीचा हात तसाच हवेत.

"हातात नाही देत मी. खाली ठेवलीय, उचल."

"अगं, इतकी वर्षं शेजारी बसतो आपण!"

"म्हणून तर. हातोहात सुरी दिली की नातं तुटतं. तुझ्याशी तोडायचं ठरलं की देईन हातात. तुला घाई कसली?"

बाजारात तिला सगळे थोरलीच म्हणत, तिच्याहून वयाने मोठे होते तेसुद्धा. नवऱ्याने तिच्यावर एकदाच हात उचलला होता आणि त्यानंतर मरेपर्यंत त्या हाताने त्याला पाण्याचा पेला उचलता आला नाही, असं लोक सांगत. खरंखोटं देव जाणे. तिच्यासमोर कुणी विचारत नसे, आणि तीही नाही म्हणत नसे.

पण आज तिचं चित्त मटणात नव्हतं. खांदा कापताना हाड हुकत होतं.

"दुपारी हॉटेलात ठरीव जेवणाला चाललेय," ती म्हणाली. "लेक आणि जावई येतायत. जेवण झालं की लेकीला घरी घेऊन येणार."

"आणि तीच नको म्हणाली तर?"

थोरलीने सुरी परत उचलली आणि एका घावात खांद्याचे दोन तुकडे केले. नेमकी तीच तर भीती होती. पावसाळ्यापासून लेक दिसली नव्हती. ही दाराशी गेली की दार चार बोटं उघडे, आणि फटीतून आवाज येई, "आई, तू जा. माझं बरं चाललंय." बरं चाललेल्या माणसाचा आवाज असा नसतो. पण ओढून आणलेली लेक चार दिवसांत परत जाते, हेही थोरलीने बाजारात पाहिलं होतं. मनाने उठली तरच ती उठली.

घरात जावई पाऊल टाकू देत नव्हता. पण ठरीव जेवणाला तो नाही म्हणणार नाही, याची तिला खात्री होती. दर हिवाळ्यात शहरातली मोठी हॉटेलं थोडे दिवस साध्या माणसांना दार उघडत. दर ठरलेला, पदार्थ तीन. आधीचा, मधला आणि गोड. प्रत्येकात चार-पाच नावं, त्यातलं एकेक निवडायचं. थोरली दर वर्षी जाई आणि हॉटेलवाल्याला रडवून येई. सकाळपासून पोट रिकामं ठेवायचं. पाव फुकट असतो, तो मागत राहायचा. उरलेली हाडं बांधून आणायची. आणि सगळ्यात मोठा नियम, "बटाटा मागायचा नाही. दर तोच, मग बटाटा का? बटाटा घरी शिजतो." लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात हा नियम तिनेच जावयाला शिकवला होता. त्याने मांडीवर थाप मारली होती. "सासूबाई, तुम्ही खऱ्या व्यापारी!"

जावयाचं टायरचं दुकान होतं. लोखंडी पहारीने टायर उचकटून उचकटून त्याचे पंजे दगडासारखे झाले होते.

हॉटेलात पांढरी टेबलं, पांढरे रुमाल. बाहेर थंडीने नाक गळत होतं आणि आत माणसं कोट काढून बसली होती. लेकीने मात्र डोक्याची शाल काढली नाही. हनुवटीपर्यंत गुंडाळलेली.

"काढ की ती शाल. इथे काय बर्फ पडतोय?"

"असू दे आई. कान दुखतो."

वाढपी आला. लेक हळूच म्हणाली, "मला सूप. मग कुस्करलेला बटाटा. आणि शेवटी पुडिंग."

थोरली चमकली. ही पोर ओट्याखाली बसून नळीतला मगज चोखत मोठी झाली होती. कूर्चासुद्धा कडाकड फोडून खायची. ती बटाटा मागते?

"दात दुखतो का गं?"

"न्हाणीघरात पडली," जावई म्हणाला. "वेंधळी आहे तुमची लेक."

"न्हाणीघरातल्या फरशीला बोटं असतात का, जावईबापू? शालीच्या काठाशी गालावर चार उमटलेली दिसतायत मला."

जावई हसला. हसताना त्याने टेबलाखाली काहीतरी केलं, कारण लेकीचे डोळे एकदम मिटले आणि उघडले. मग तो वाढप्याला म्हणाला, "बटाटा नको. हिलाही भाजलेलं मटण आण. दर तोच, मग बटाटा का? काय सासूबाई? नियम तुमचाच ना?"

थोरलीच्या तोंडातला पाव तोंडातच राहिला. आपलंच वाक्य कुणी असं आपल्या तोंडावर मारेल, असं तिला कधी वाटलं नव्हतं.

"तिला हवं ते खाऊ दे. पैसे मी भरतेय."

"तुम्ही भरा. ती खाणार मी सांगेन ते. बायको माझी आहे."

मटण आलं. हाडासकट मोठा तुकडा, शेजारी जाड दात्यांची सुरी. लेकीने एक घास तोडला आणि डाव्या गालात ठेवला. चावेना. जबड्यातून कट्ट आवाज आला, तो थोरलीला टेबलापलीकडे ऐकू आला. हाड सांध्यातून निसटल्याचा आवाज ती झोपेतही ओळखेल. लेकीने रुमाल तोंडाला लावला. पांढऱ्या रुमालावर लाल ठिपका पसरला.

"गीळ," जावई हळू आवाजात म्हणाला. "लोक बघतायत. नखरे घरी. घरी गेल्यावर दुसरी बाजूही सरळ करतो तुझी."

थोरली उठायला लागली. लेकीने मान हलवली. नको. तेच जुनं नको, दाराच्या फटीतलं. थोरली अर्धी उठलेली तशीच खाली बसली. आयुष्यात एवढं जड बसणं तिला कधी बसावं लागलं नव्हतं.

"चावता येत नाही तर बारीक करून देतो," जावई म्हणाला. "सगळं संपवायचंय. दे ती सुरी इकडे."

सुरी लेकीच्या ताटाशी होती. तिने उचलली. थोरली बघत होती. आता ती टेबलावर ठेवेल, तो उचलेल. बोलायला लागायच्या आधी शिकलेली गोष्ट, हात आपोआप करतो.

लेकीने सुरी टेबलावर ठेवली नाही. पातं आपल्याकडे वळवलं, नवऱ्याचा पंजा उघडला, मूठ त्याच्या तळहातात ठेवली आणि त्याची बोटं एकेक करून तिच्यावर मिटवली. मग आईकडे बघितलं.

टायरवाल्याला काही कळलं नाही. थोरलीला सगळं कळलं.

"चल आई," लेक उठली.

"कुठे चाललीस? बस खाली!" त्याने डाव्या हाताने शालीबाहेर आलेली तिची वेणी धरून असा हिसका दिला की खुर्ची उलटली आणि ती गुडघ्यावर आली. उजव्या हातातली सुरी तिच्या मानेकडे वळली. मारायला की नुसती दाखवायला, ते त्यालाच ठाऊक. थोरली विचारायला थांबली नाही. तिने उजव्या मुठीत पातं पकडलं. दाते तळहातात शिरले, तरी तिने सोडलं नाही. डाव्या हाताने काटा उचलला आणि वेणी धरलेल्या पंजावर पूर्ण जोराने उतरवला. जावई बैलासारखा ओरडला. वेणी सुटली. त्याने टेबलाला लाथ घातली, सुपाचे वाडगे, पाणी, काचा, सगळं खाली. शेजारच्या टेबलावरची बाई किंचाळली. दोन वाढपी आणि स्वयंपाकघरातला एक धिप्पाड माणूस त्याच्यावर पडले, तरी तो त्यांना घेऊन उठत होता. थोरलीने पाण्याचा जग त्याच्या कानशिलात घातला, तेव्हा कुठे तो जमिनीला टेकला.

"पोलीस बोलावलेत," हॉटेलचा मालक धापा टाकत म्हणाला. "बाई, तुमचा हात! बसा, बसा तुम्ही."

"बसायचं नाही मला." थोरलीने रक्ताच्या मुठीभोवती पांढरा रुमाल गुंडाळला आणि दातांनी गाठ मारली. "तिसरा पदार्थ राहिलाय. दर ठरीव आहे ना? मग पुडिंग बांधून दे. तिन्ही माणसांचं. तो खाली पडलाय, त्याच्याही वाटणीचं."

दवाखान्यात लेकीचा जबडा तारेने बांधला. थोरलीच्या तळहाताला टाके पडले. डॉक्टर म्हणाला, आतली शीर तुटलीय, दोन बोटं आता मिटणार नाहीत. "कुठली दोन?" एवढंच तिने विचारलं. सुरी धरायचीच निघाली ती दोन.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाजार उघडला तेव्हा लेक ओट्यावर पाय सोडून बसली होती, तारांच्या फटीतून चमच्याने पुडिंग आत ढकलत. फुलवाली बघायला आली, शेवंतीचं एक फूल ठोकळ्यावर ठेवून गेली. पहिलं गिऱ्हाईक आलं.

"थोरले, मांडीतलं दे. बारीक तुकडे."

थोरलीने सवयीने सुरी उचलली. ती बोटांतून घसरली. तिने परत उचलली, डाव्या हाताने, फडक्याला पुसली आणि लेकीच्या समोर लाकडी ठोकळ्यावर हळूच ठेवली. हात काढून घेतला.

लेकीने चमचा डब्यात टाकला आणि सुरी उचलली.