इस्त्रीच्या टेबलावरचा पूल

"हा पूल राहत नाही. लिहून घ्या माझ्याकडून!" असं म्हणत औषधवाल्यांनी इस्त्रीच्या टेबलावरच्या एका तपकिरी डागावर बोट आपटलं.

"मागच्या आठवड्यात तुम्ही म्हणत होतात, विमानतळ राहत नाही," कंडक्टर म्हणाला. "आज सकाळी तिथूनच विमानं उडताना दाखवली टीव्हीवर."

"जुनी चित्रं असतात हो ती! तुम्हाला काय, घंटी मारली की गाडी सुटते, एवढंच माहीत."

"दोघंही जरा मागे सरका," मास्तर म्हणाले. "राजधानी झाकलीत तुम्ही."

राजधानी म्हणजे टेबलाच्या डाव्या कोपऱ्यातला मोठा डाग, अगदी इस्त्रीच्याच आकाराचा. ताईंच्या नवऱ्याने कधीतरी कुणाशी तरी गप्पा मारता मारता तो पाडला होता. नवरा गेला, दुकान ताईंकडे आलं आणि डागही आला. टेबलावर अंथरलेलं कांबळं दोन तुकडे जोडून शिवलेलं होतं. मधली जाड शिवण म्हणजे नदी, आणि त्या शिवणीवर आडवा पडलेला बोटभर रुंदीचा डाग म्हणजे पूल. लढाई सुरू झाली तेव्हा मास्तर शर्ट घ्यायला आले होते. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेला माणूस, नकाशा दिसला नाही तर त्याच्या जिवाला चैन पडत नाही. "समजा, ही राजधानी," ते म्हणाले आणि त्या दिवसापासून ताईंच्या टेबलावर रोज सकाळी लढाई होऊ लागली. शेजारच्या दुकानातले औषधवाले गिऱ्हाईक नसलं की यायचे. कंडक्टर दुपारच्या पाळीला जाण्याआधी यायचा. तिघंही उंटावरून शेळ्या हाकणारे, पण हाकायचे मात्र मन लावून.

ताई त्यांना कधी उठा म्हणाल्या नाहीत. त्यांच्या बोटांच्या आजूबाजूने त्या इस्त्री फिरवत राहायच्या. बाही घेतली की कापड उजवीकडे ओढायचं, पाठ घेतली की मास्तरांचा हात अलगद उचलून बाजूला ठेवायचा, जसा जेवताना मध्ये आलेला पोराचा हात आई बाजूला करते.

"पूल पडला, तर पुढे काय होईल मास्तर?" ताईंनी शर्टावर पाणी शिंपडत विचारलं.

मास्तरांना कुणी विचारायचाच अवकाश असे. "हे बघा ताई. पूल पडला की पलीकडे गेलेले आपले लोक अडकले. त्यांना दारूगोळा नाही, जखमींना परत आणायला वाट नाही. मग आपण गप्प बसू? आपण त्यांच्या तेलाच्या टाक्या पेटवू. टाक्या पेटल्या की ते इकडे राजधानीवर येतील. मग मोठे देश म्हणतील, आता आम्ही बघतो. जिना आहे हा. चढताना प्रत्येकाला वाटतं, ही शेवटची पायरी. आणि उतरायची वेळ आली की दोघं एकमेकांकडे बघत उभे. आधी तू, आधी तू."

"आणि नाही पाडला तर?"

"तर समजायचं की त्यांना स्वतःलाच त्यावरून इकडे यायचंय."

"म्हणजे दोन्हीकडून वाईटच."

"लढाईत बरं काय असतं ताई? त्यातल्या त्यात कमी वाईट काय, तेवढं शोधायचं."

ताईंनी मान हलवली आणि शर्टाची घडी घातली. त्यांनी कधी घाबरून तोंडावर पदर घेतला नाही, की "नका हो असं अभद्र बोलू" म्हटलं नाही. तिघांना त्याचं कौतुक वाटायचं. एवढ्या शांतपणे ऐकणारं माणूस त्यांच्यापैकी कुणाच्याच घरात नव्हतं.

ताईंची लेक सैन्यात आहे हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. पूर्वी ती दुधाची गाडी चालवायची. पण ताईंनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, "लांब मागच्या दवाखान्यात असते. औषधांची कपाटं लावते. तिला कसली लढाई!" लोकांनी ते ऐकलं आणि सोडून दिलं.

खरं वेगळंच होतं. लेक जखमींची गाडी चालवत होती. कुठे आहे हे सांगायला तिला बंदी होती आणि तिनेही ते कधी सांगितलं नाही. फक्त एकदा फोनवर बोलता बोलता म्हणाली, "आई, इथल्या नदीचं पाणी काय हिरवंगार आहे गं. पुलावरून जाताना दरवेळी वाटतं, थांबून बघावं. पण पुलावर थांबायचं नसतं." ताईंनी फोन ठेवला आणि दुसऱ्या दिवशी मास्तरांना सहज विचारल्यासारखं विचारलं, "त्या लढाईच्या भागात नद्या किती हो?" मास्तर म्हणाले, "एकच. आणि तिच्यावर गाडी जाण्यासारखा पूलही एकच."

हे ताईंनी कुणाला का सांगितलं नाही? सांगितलं असतं, तर त्याच क्षणी तिघांच्या जिभा मऊ झाल्या असत्या. लोक वाईट नसतात. आईसमोर कुणी पूल पाडत नाही. पण ताईंना मऊ काही नको होतं. सरकारी बातम्यांत रोज आपलीच सरशी असायची, फोनवर लेक "मी मजेत" म्हणायची. खरं काय, निदान खऱ्याच्या जवळपासचं काय, हे ऐकायला त्यांच्याकडे हे एवढं एकच टेबल होतं. म्हणून त्या चेहऱ्यावर काही न दाखवता ऐकायच्या.

एक गोष्ट मात्र हातून होत होती, आणि ती त्यांच्या स्वतःच्याही ध्यानात आली नव्हती. शिवणीवरच्या त्या डागावर त्या इस्त्री टेकवत नसत. पूर्वी तिथेच कॉलर दाबायच्या. आता कॉलर खाली ओढून घ्यायच्या.

त्या दिवशी औषधवाले भलतेच रंगात आले होते. रात्रभर कुठल्याशा निवृत्त सेनापतीची मुलाखत ऐकून आले होते.

"तोफा वगैरे विसरा," ते म्हणाले. "एकच क्षेपणास्त्र. वरून. सरळ."

"सरळ म्हणजे कसं?" कंडक्टरने डिवचून विचारलं.

"असं!" औषधवाल्यांनी स्टँडवरची तापलेली इस्त्री उचलली, उंच धरली आणि पुलावर आणली. "धाड!"

इस्त्री कांबळ्यापर्यंत पोचलीच नाही. मध्ये ताईंचा हात आला. उघडा तळहात. त्यांनी इस्त्री ढकलली, ती टेबलावरून खाली जाऊन आदळली, वायर उपटली गेली. दुसऱ्या हाताने मनगट धरून त्या तशाच उभ्या राहिल्या, आणि नजर पुलावर. डागाला काही झालेलं नव्हतं.

"ताई, अहो, मी टेकवणार नव्हतो! गंमत करत होतो मी!" औषधवाले पांढरेफटक पडले.

मास्तरांनी आधी ताईंच्या हाताकडे पाहिलं, मग कांबळ्याकडे. एवढे दिवस ते ह्याच कांबळ्यावर बोट ठेवत होते, पण आत्ता त्यांना दिसलं की सगळं कांबळं इस्त्रीने चापून गुळगुळीत झालं आहे आणि पुलाभोवतीच तेवढी लव उभी आहे.

"ताई," ते हळूच म्हणाले, "पोरगी पुलावर आहे का?"

ताईंनी शिवणीवरचं कांबळं डाव्या हाताने नीट केलं. औषधवाले पळत जाऊन मलम घेऊन आले आणि खाली मान घालून त्यांच्या तळहाताला लावत बसले. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात. त्या दिवशी बघणाऱ्यांनाही थोडं कळलं.

दुसऱ्या दिवशी टेबलावरची लढाई पार बदलून गेली. ताई हाताला फडकं गुंडाळून डाव्या हाताने इस्त्री करत होत्या. तिघं आले ते चेहरे धुऊन आल्यासारखे.

"त्यांच्याकडे दारूगोळाच उरला नाही म्हणे," औषधवाले म्हणाले.

"बोलणी चालू झालीत. आतल्या आत. आमचा ड्रायव्हर सांगत होता," कंडक्टर म्हणाला.

"आणि पुलाचं तसं विशेष महत्त्व नाही आता," मास्तर खिडकीबाहेर बघत म्हणाले. "भौगोलिकदृष्ट्या."

ताईंनी इस्त्रीचं बटण बंद केलं.

"का हो ताई? इस्त्री तापत नाही का?"

"इस्त्री तापतेय. तुम्हीच थंड पडलात." ताई स्टुलावर बसल्या. बसलेल्या ताई तिघांनी क्वचितच पाहिल्या होत्या. "मास्तर, शाळेत पोरांना नदी उलटी वाहते म्हणून शिकवलंत का कधी?"

मास्तरांची नजर खिडकीवरून कांबळ्यावर आली.

"पोरगी फोनवर मजेत म्हणते. टीव्हीवाले जिंकलो म्हणतात. आता तुम्हीही साखर घालून द्यायला लागलात, तर मी कुणाचं ऐकू? परवापर्यंत बोलत होतात तसं बोला. माझा जीव मुठीत धरायला मी खंबीर आहे. तुम्ही तुमचं काम करा."

"आमचं काम!" मास्तर कसनुसं हसले. "ताई, खरं सांगू का? आम्हाला काही म्हणजे काही कळत नाही. मी भूगोल शिकवला. पूल कुठे आहे ते सांगू शकतो. पडेल का, कधी पडेल, पुढे कोण काय करेल… आम्ही आपले बसल्या जागी अंदाजाचे खडे टाकतो."

"ते मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे," ताई म्हणाल्या. "पण तुम्ही भांडता तेव्हा वाटतं, त्या पुलाकडे कुणाचं तरी लक्ष आहे. मी एकटीच बघत नाहीये."

कंडक्टरने नाक ओढलं. मास्तरांनी चष्मा पुसला, पुढे वाकले आणि पुलाजवळ बोट ठेवलं; पुलावर नाही, जवळ.

"मला वाटतं," ते म्हणाले, "फक्त वाटतंय हं ताई, की पूल पाडतील. पण जखमींच्या गाड्या दिवसा जात असतील, आणि असले हल्ले बहुतेक अंधारात होतात."

"हं," ताई म्हणाल्या आणि इस्त्री चालू केली.

पूल पडला तो एका दुपारी. बातमी आधी औषधवाल्यांच्या टीव्हीवर आली. ते दुकान तसंच उघडं टाकून बाहेर आले आणि टेबलापाशी उभे राहिले. एवढे दिवस "लिहून घ्या" म्हणणारा माणूस, आज नुसता त्या डागाकडे बघत होता. मास्तर खुर्चीत होते, कंडक्टर निघण्याच्या बेतात.

ताईंनी त्यांचा चेहरा पाहिला. "पडला?"

औषधवाल्यांनी मान हलवली.

ताईंच्या हाताखाली एका लहान मुलीचा शाळेचा गणवेश होता. त्यांनी चुण्या एकेक करून दाबल्या, गणवेशाची घडी घातली, मगच इस्त्री उभी केली. "आता पुढची पायरी कुठली, मास्तर?"

"आपले लोक थांबले तर बरं," मास्तर म्हणाले.

आपले लोक थांबले नाहीत. दुसऱ्याच दिवशी पलीकडच्या तेलाच्या टाक्या पेटल्या. मास्तर म्हणाले होते अगदी तसंच घडत होतं, आणि आपलं म्हणणं खरं ठरल्याचं एवढं वाईट त्यांना जन्मात वाटलं नव्हतं. पण ते येत राहिले. तिघंही येत राहिले. कंडक्टरने पाळी बदलून घेतली. औषधवाल्यांनी टीव्हीचं तोंड ताईंच्या दुकानाकडे फिरवलं. ताई विचारायच्या, "आता राजधानीवर येतील?" मास्तर म्हणायचे, "येतील असं वाटतं. येऊ नयेत असंही वाटतं." आणि ताई कपडे घेत राहिल्या, देत राहिल्या, एकाही शर्टाची कॉलर वाकडी गेली नाही, एकही गिऱ्हाईक "उद्या या" ऐकून परत गेलं नाही. फक्त फोन टेबलावर, पाण्याच्या भांड्याशेजारी ठेवलेला असायचा.

तो वाजला तेव्हा तिघंही होते. ताईंनी फडकं गुंडाळलेल्या हातानेच तो उचलला.

"आई, मी."

ताईंनी डोळे मिटले. "बोल."

"गाडी गेली गं. मी नव्हते तिच्यात. आता आम्ही होडीतून आणतो जखमींना, अलीकडे."

"होडीतून? अगं, तुला पोहता येत नाही!"

"होडीला येतं ना, आई."

ताई हसल्या. मोठ्याने हसल्या, आणि तिघं एकमेकांकडे बघत राहिले. "बरं, मग कधी…" त्यांनी विचारायला सुरुवात केली, पण तोवर फोन बंद झाला होता.

मग ताईंनी फळीवरून तुटक्या बटणांचा डबा काढला. गिऱ्हाइकांच्या कपड्यांची निखळलेली बटणं त्यात जमा व्हायची. बोटाने चाळवत चाळवत त्यांनी एक निळं, जाडसर बटण निवडलं आणि ते कांबळ्याच्या शिवणीवर, जळक्या पुलाच्या जरा खाली ठेवलं.

"इथे असेल का, मास्तर?"

मास्तरांनी वाकून पाहिलं. "जरा आणखी खाली. तिथे प्रवाह संथ असतो."

ताईंनी बटण खाली सरकवलं.

लढाई अजून चालू आहे. मास्तरांचा जिना अजून संपलेला नाही. टेबलाभोवती रोज बोटं फिरतात, आवाज चढतात, औषधवाले "लिहून घ्या" म्हणतात आणि लगेच जीभ चावतात. त्या निळ्या बटणाला मात्र कुणी हात लावत नाही. दिवसभर ते शिवणीवर असतं आणि ताईंची इस्त्री त्याला वळसा घालून जाते. संध्याकाळी सगळे गेले की ताई इस्त्री बंद करतात, पाण्याचं भांडं उपडं घालतात, आणि शटर ओढण्याआधी तेवढं बटण उचलून अलीकडच्या काठावर आणून ठेवतात.