मधल्या भिंतीतली लाइन

मंगळवारी सकाळी सव्वाअकराला उत्तरा रेगे यांच्या स्वयंपाकघरात भाऊराव इलेक्ट्रिशियनना शॉक बसला. घराचं मेन स्विच तेव्हा बंद होतं.

शॉक फार मोठा नव्हता. भाऊरावांनी हात झटकला, एक शिवी अर्ध्यावर गिळली आणि ते ओट्यापासून दोन पावलं मागे सरकले.

"काकू, मेन नक्की बंद केलंत ना?"

"तुम्हीच तर केलंत."

ते खरं होतं. पंखा थांबला होता, फ्रिज गप्प होता, देवघरातला छोटा दिवाही विझला होता. भाऊरावांनी टेस्टर काढला आणि ओट्याच्या मागच्या काळ्या पडलेल्या सॉकेटला लावला. टेस्टर पेटला.

"कमाल आहे! अख्खं घर मेलंय आणि हा एकटा जिवंत."

हा सॉकेट विजेच्या शेगडीचा. दोन कॉइलची ती शेगडी उत्तराबाईंची लेक स्वरदा हिने घेऊन दिली होती. सिलिंडरची गळती दोनदा लक्षात आली नाही, तेव्हा स्वरदाने बंगळुरूहून येऊन गॅस काढायला लावला होता. रविवारी सकाळी चहा उकळत असताना जळकट वास आला, प्लग वितळून सॉकेटला चिकटला आणि शेगडी बंद पडली. सोमवारी नवी इंडक्शन शेगडी दारात आली. ती लावायची, सॉकेट बदलायचा, तासाभराचं काम, असं भाऊराव फोनवर म्हणाले होते. नवघर रोडवरच्या त्यांच्या दुकानापासून इमारत हाकेच्या अंतरावर. इथल्या जुन्या वायरिंगची त्यांना माहिती होती. मुलुंडच्या या भागात अशा तीन मजली इमारतींत सगळीकडे तेच असतं. रीडेव्हलपमेंट होणार, मग आता कशाला खर्च करायचा, असं म्हणत लोकांनी वर्षानुवर्षं काही बदललेलं नसतं.

भाऊराव वायरच्या मागे मागे गेले. सॉकेटपासून ती वर चढली, छतालगत सरळ गेली आणि बाजूच्या भिंतीत शिरली. तिथे प्लास्टरचा एक उभा चौकोन बाकीच्या भिंतीपेक्षा किंचित फुगीर होता.

"इथे काय होतं?"

"दार," उत्तराबाई म्हणाल्या.

"पलीकडे कोण राहतं?"

"माझे दीर."

"मग काकू, ही लाइन तुमची नाहीच. ही त्यांच्या मीटरवरची आहे."

उत्तराबाई स्टुलावर बसल्या. त्यांना आठवलं. सासऱ्यांनी दोन मुलांसाठी शेजारी शेजारी दोन ब्लॉक घेतले होते आणि मधे दार ठेवलं होतं. धाकट्या मधुकरांनी लग्न केलं नाही. ते जेवायला इकडेच असायचे. त्या काळी दिव्यांची लाइन वेगळी आणि पॉवरची वेगळी असे, आणि पॉवरचं कनेक्शन फक्त मधुकरांकडे होतं. सासूबाई अंथरुणाला खिळल्या, त्यांना शेकायला, पाणी तापवायला काहीतरी हवं होतं, म्हणून उत्तराबाईंच्या नवऱ्याने, नंदकुमारने, दाराच्या चौकटीवरून एक वायर इकडे आणली. चार दिवसांची सोय. पुढे इकडेही पॉवर आली, पण ती वायर काढायची राहून गेली. चालतंय ना, मग चालू दे.

दार बुजवलं ते मधुकरांनी. नंदकुमार हॉस्पिटलात होता, तेव्हा मधुकर ऑफिसच्या कामाने नागपूरला होते. "मधूला कळवू नकोस, उगाच काम टाकून धावत येईल. मी दोन दिवसांत घरी येतोय," असं नंदकुमारने बजावलं होतं. उत्तराबाईंनी ऐकलं. मधुकर परतले तेव्हा अंत्यविधीसकट सगळं उरकलेलं होतं. ते दारात उभे राहिले, पायातल्या चपलाही काढल्या नाहीत. "वहिनी, एक फोन," एवढंच म्हणाले. महिन्याभराने गवंडी आला. विटा लागल्या, प्लास्टर झालं. गवंड्याने वायरला हात लावला नाही. त्याला सांगितलं होतं फक्त दाराचं.

तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. जिन्यात गाठ पडली तर एक जण भिंतीकडे सरकून उभा राहायचा.

"त्यांचं मेन बंद करायला लागेल," भाऊराव म्हणाले. "तुम्ही सांगता का?"

"तुम्हीच सांगा."

"अहो, मी परका माणूस."

"म्हणूनच."

भाऊराव गेले. उत्तराबाईंनी दार पुरतं लावलं नाही, त्या फटीमागे उभ्या राहिल्या. पलीकडची बेल वाजली, कडी निघाली.

"नमस्कार साहेब. शेजारी शेगडी बसवतोय. पाच मिनिटं तुमचं मेन बंद करू का?"

"त्यांची लाइन माझ्याकडून गेलीय म्हणून?"

आवाज तोच होता, फक्त थोडा घोगरा झालेला.

"तुम्हाला ठाऊक आहे?"

"मला नाही तर कुणाला असणार? सकाळी साडेसहाला माझी ट्यूब मंद होते. म्हणजे चहा. नऊच्या पुढे परत, बराच वेळ. वरणभात. रविवारी चहाला मंद झाली आणि मग नाहीच. काल नाही, आज नाही."

"मग विचारायचं ना! शेजारीच तर आहेत."



"काल दाराशी गेलो होतो," मधुकर म्हणाले. "आत रेडिओ चालू होता. म्हटलं, ठीक असणार."

उत्तराबाईंनी दाराची कड धरली. काल सकाळी त्या कोरडे पोहे दुधात भिजवून खात होत्या. रेडिओ त्या मुद्दाम मोठा लावतात. घरात कुणाचा तरी आवाज असावा म्हणून.

पलीकडे फ्यूजबोर्डाचं झाकण उघडल्याचा आवाज आला आणि मग भाऊरावांचा.

"अहो, हे काय घातलंय फ्यूजमध्ये? ही तार आहे की कपडे वाळत घालायची दोरी?"

"जाडी घातली मी. पातळ असताना सारखी उडायची."

"उडायलाच असते ती! तुमचा फ्यूज उडाला नाही म्हणून तिकडे प्लग जळला. उद्या भिंतीतून धूर आला असता, साहेब. दोन्ही घरं गेली असती."

"उडाली असती तर त्यांना माझं दार वाजवावं लागलं असतं."

उत्तराबाई फटीमागे तशाच उभ्या राहिल्या. वाजवावं लागू नये, वहिनीला कानकोंडं होऊ नये, म्हणून? की तिने आपल्या दाराशी येऊच नये, म्हणून? त्यांनी ते वाक्य दोन्ही बाजूंनी मनात म्हणून पाहिलं. दोन्हीकडून ते तितकंच बरोबर लागत होतं.

भाऊराव परत आले आणि हात पुसत हिशेब मांडल्यासारखं बोलले. भिंतीतली वायर भाजून निघालीय, ती आता वापरायची नाही. साहेबांनी पॉवरचा फ्यूज काढून ठेवलाय, तोही तसाच राहू दे. नव्या शेगडीला जाड लाइन हवी. तुमच्या मीटरवर तेवढा लोड नाही. वीज कंपनीकडून वाढवून घ्यायचा तर तीन-चार आठवडे जातील. नाहीतर त्यांच्याकडूनच नवी केबल आणायची. त्यांचं मीटर मोठं आहे, उद्याच्या उद्या काम होईल. पण त्यासाठी त्या चौकोनात भोक पाडावं लागेल.

"साहेब काय म्हणाले?"

"म्हणाले, वहिनींना विचारा. आता तुम्ही विचारता, साहेब काय म्हणाले. मी काय टपालवाला आहे?" भाऊराव हसले. उत्तराबाई हसल्या नाहीत, तसे तेही थांबले. "संध्याकाळपर्यंत फोन करा काकू. एक तर कापतो, नाहीतर जोडतो."

दुपारी स्वरदाचा फोन आला.

"लोड वाढवून घे आई. तोवर डबा लाव. त्यांच्याकडून काही नको."

"इतकी वर्षं त्यांच्याच विजेवर जेवतेय गं मी."

"ते आपल्याला माहीत नव्हतं."

"त्यांना होतं."

"मग? बाबा गेले तेव्हा भिंत घातली त्या माणसाने. मधूकाकाचं कौतुक मला सांगू नकोस. आणि खरं तर तू इकडेच ये. निहारची खोली रिकामीच असते, तो हॉस्टेलला गेल्यापासून."

"बघू."

"तू नेहमी बघूच म्हणतेस."

फोन ठेवल्यावर उत्तराबाई स्वयंपाकघरात आल्या. नवी शेगडी ओट्यावर होती, काळी, गुळगुळीत, वरचं प्लास्टिकही न काढलेली. लाइन कापली तर महिन्याभराने आपल्या मीटरवर आपला चहा होईल आणि तो ठेवल्याचं या जगात कुणालाही कळणार नाही. बंगळुरूला गेलं तर कळेल, पण तिथे चहा दुसरंच कुणीतरी ठेवेल. आणि जोडायची तर आधी पलीकडे जाऊन तोंडाने विचारावं लागेल. ते नाही म्हणाले तर? भिंत निदान काही बोलत तरी नव्हती.

त्यांनी भाऊरावांचा नंबर दोनदा काढला आणि दोनदा फोन उलटा ठेवला.

साडेपाचला त्यांनी तोंड धुतलं, साडी बदलली. मग एवढ्यासाठी साडी बदलल्याचं त्यांना हसू आलं. दार ओढून त्या बाहेर आल्या. मधलं अंतर चार पावलांचं. तळमजल्यावर कुणीतरी बादली आपटत होतं. मधुकरांच्या दारावर नावाची पितळी पाटी होती. पूर्वी तिच्यावर दोन्ही भावांची नावं असत. आता एकच होतं, पण पाटी तीच, उलटी करून कोरलेली. इतक्या जवळून उत्तराबाईंनी ती कधी पाहिली नव्हती.

त्यांनी बेल दाबली. आत काहीच वाजलं नाही.

पॉवरच्या फ्यूजबरोबर बेलही बंद पडली होती की काय, ते त्यांना सांगता येईना. सकाळी वाजली होती. या दोन घरांत कुठली वायर कुठून कुठे जाते, हे नंदकुमारच्या मागे कुणालाच ठाऊक नव्हतं. बेल वाजली नाही म्हणून कुणी आलं नाही, की दाराच्या काचेच्या भोकातून बघून कुणी आलं नाही? त्यांनी पुन्हा दाबली. मग बोटं दुमडली आणि दारावर टकटक केली. पहिल्यांदा हलकी, नंतर जरा जोरात.

"भावोजी," त्या म्हणाल्या. "मी आहे."

आत खुर्ची सरकली. पावलं दारापर्यंत आली आणि थांबली. सहाला पाच मिनिटं कमी होती आणि कडी अजून निघालेली नव्हती.