हिरव्या बटणाची तगमग

मी एक जुने बटण आहे. शर्टाचे नव्हे, मित्रांनो, पडद्यावरचे. एका डायलिसिस केंद्राच्या वेबसाइटवर माझा मुक्काम. माझ्यावर 'वेळ नोंदवा' असे लिहिले आहे आणि सोमवारपासून माझा जीव थाऱ्यावर नाही.

मला घडवणारा तरुण भारी हौशी होता. त्याच्या लाडक्या ब्राउझरमध्ये एक खास सोय होती, दुसऱ्या कुठल्याच ब्राउझरमध्ये नसलेली. तिच्या जोरावर मला दाबले की वेळापत्रक अलगद उलगडे. त्याच्या शेजारच्या टेबलावर काम करणाऱ्या अनुभवी ताईंनी नकारार्थी मान हलवली.

"अरे, ही सोय सर्वमान्य नाही. उद्या त्यांनी काढून टाकली तर?"

"ताई, तुम्ही पण ना! सगळे हाच ब्राउझर वापरतात."

मीही फुशारून गेलो. साधी बटणे मला अगदीच बावळट वाटत.

काही वर्षे मजेत गेली. केंद्रातल्या सिस्टर माझे कौतुक करत. मग ब्राउझरवाल्यांनी नवी आवृत्ती आणली आणि ती सोय काढून टाकली. सोय त्यांचीच, ते कोणाला विचारणार?

सोमवारी एका मुलीने वडिलांसाठी मोबाइलवर मला दाबले. मी ढिम्म. तिने मोबाइल बंद करून चालू केला, पुन्हा दाबले. केंद्राला फोन लावला, तर 'वेबसाइटवर नोंदणी करा' एवढेच रेकॉर्ड केलेले वाक्य ऐकू आले. मी आतून कासावीस होत होतो आणि वरून मात्र तसाच हिरवा, टवटवीत दिसत होतो.

अखेर बुधवारी ती वडिलांना घेऊन केंद्रात आली. डायलिसिस चुकल्याने त्यांचे पाय सुजले होते, बोलताना धाप लागत होती. सिस्टरच्या संगणकावर अजून ब्राउझरची जुनीच आवृत्ती होती. त्यांनी मला दाबले आणि मी झोकात उघडलो!

"चालतंय की! तुम्ही नीट दाबलं नसेल. आज एकही मशीन रिकामं नाही हो. उद्या सकाळी सगळ्यात आधी घेते. धाप वाढली तर थेट हॉस्पिटलात न्या."

मुलीचे डोळे भरून आले. "बाबा, चुकलं माझं."

"असू दे गं," असे म्हणत ते भिंतीला धरून उठले.

मित्रांनो, उद्या तुमच्यातले कोणी वेबसाइट बनवाल. माझ्यासारखे बटण आधी सगळ्या ब्राउझरांत चालेल असे घडवा, नटवायचे ते मग नटवा. माझे काय, मला दुरुस्त करतील किंवा काढून टाकतील. पण त्या मुलीने मला अगदी नीट दाबले होते, हे तिला कोण सांगणार?