कागदवाले

“डी-सात. आधी सोळा पॉइंट दोन, आता बारा पॉइंट सात.” प्रेमाने वाचलं आणि चष्मा कपाळावर सारला. “बघितलंस? वनमाला केवढी सुधारली!”

“आई, नावं घ्यायची नाहीत,” मानसी स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाली. “डी-सात एवढंच म्हणायचं.”

“डी-सात काय माका चाय देतली? वनमाला म्हटलं की कसं, माणूस समोर उभं राहतं.”

मानसी हसली आणि आकडा जुळल्याची खूण करून पुढच्या ओळीवर गेली. दुपारची जेवणं उरकून सासू-सुना जेवणाच्याच टेबलावर बसल्या होत्या. संगणकात भरलेला प्रत्येक आकडा मूळ कागदाशी ताडून घ्यायचा, म्हणजे एकीने वाचायचं आणि दुसरीने बघायचं. आधी मानसीने नवऱ्याला, सौरभला, या कामाला बसवलं होतं, पण तो दहाव्या ओळीला पेंगायला लागला. प्रेमा मात्र बातम्या वाचाव्यात तशी वाचत होती.

मानसी फिजिओथेरपिस्ट होती. नोकरी सांभाळून अंधेरीच्या एका कॉलेजातून पदव्युत्तर शिक्षण घेत होती, आणि हा तिचा प्रबंध होता. वय झालेल्या माणसांनी खुर्चीच्या आधाराने करायचे साधे व्यायाम नेमाने केले तर त्यांची चाल सुधारते का, एवढाच प्रश्न. चारकोपमधल्या सहा सोसायट्या, ए ते एफ अशी अक्षरं देऊन, तिने घेतल्या होत्या. तीन सोसायट्यांतल्या म्हाताऱ्यांना समाजमंदिराच्या हॉलमध्ये व्यायाम, उरलेल्या तिन्हींतल्यांना आरोग्याची माहिती देणारं एक पत्रक. सहा महिन्यांनी सगळ्यांची तुलना करायची आणि मग पत्रकवाल्यांनाही व्यायाम शिकवायचे, असं ठरलं होतं. कोणाच्या वाट्याला काय, हे चिठ्ठ्या टाकून ठरवलं. चिठ्ठ्या प्रेमानेच उचलल्या, याच टेबलावर, चपात्यांच्या डब्यातून. त्या दिवसापासून घरात दोन शब्द रुळले: हॉलवाले आणि कागदवाले.

खुर्चीतून उठायचं, तीन मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. याला किती सेकंद लागतात ते चैतन्य मोजायचा. तो मानसीचा कॉलेजातला ज्युनियर. हॉलवाले कोण आणि कागदवाले कोण, हे त्याला मुद्दामच सांगितलेलं नव्हतं. प्रेमाकडे काम होतं ते दर आठवड्याला कागदवाल्यांच्या घरी जाऊन दोन प्रश्न विचारायचं. या आठवड्यात पडलात का? काही नवीन सुरू केलंत का? बालवाडीत उभा जन्म गेल्यामुळे सेक्टरमधल्या निम्म्या घरांची दारं तिला न वाजवताच उघडायची.

वाचन संपलं. प्रेमा बांगडे साफ करायला आत गेली आणि मानसीने डेटा नीट करायला घेतला. मूळ कागदावरच टिंब निसटल्यामुळे एक आजोबा एकशे अठरा सेकंद चालत होते. त्यांना तिने अकरा पॉइंट आठवर आणलं. दोन रकाने रिकामे होते. एक बाई मुलीकडे गुजरातला गेल्या होत्या, आणि एक गृहस्थ मार्चमध्ये वारले होते. त्या रकान्यात तिने काही भरलं नाही. कर्सर तिथे थोडा वेळ लुकलुकत राहिला, मग ती खाली उतरली.

तीन महिन्यांची मधली मोजणी होती ही. नुसता अंदाज यावा म्हणून तिने दोन्ही गटांच्या सरासऱ्या काढल्या.

हॉलवाले सुधारले होते, छान सुधारले होते. पण कागदवालेही सुधारले होते.

तिने आधी स्वतःवरच संशय घेतला. गटांचे कोड उलटे पडले असतील म्हणून ते तपासले. सूत्र पुन्हा लिहिलं. उत्तर तेच आलं. दोन गटांतला फरक इतका किरकोळ होता, की तो योगायोगानेही पडू शकला असता. मग तिने एकेका सोसायटीचा वेगळा ग्राफ काढला. कागदवाल्यांच्या दोन सोसायट्या होत्या तिथेच होत्या. तिसऱ्या सोसायटीची, डी ची, सेकंदांची रेघ मात्र हॉलवाल्यांपेक्षाही भराभर खाली उतरत गेली होती.

“आई,” तिने स्वयंपाकघराकडे पाहून विचारलं, “डी मध्ये कोणी योगाबिगा सुरू केलाय का?”

आत नळ सुरू झाला.

“मी विचारते ना दर खेपेला. नाही म्हणतात,” प्रेमा म्हणाली. नळ बराच वेळ चालू राहिला.

दुसऱ्या दिवशी जयंती मॅडमनी ग्राफ पाहिला आणि चष्मा काढला. त्या मानसीच्या गाईड. बोलायला मोजक्या, पण तिच्यावर जीव होता त्यांचा.

“म्हातारी माणसं आपोआप तरुण होत नाहीत, मानसी. तिथे कोणीतरी काहीतरी करतंय. शोध आणि थांबव.”

“थांबवलं तर वाचेल मॅडम?”

“शेवटच्या मोजणीला तीन महिने आहेत. तेवढ्यात ते परत मूळपदावर येतील. झालं ते आपण लिहू, पण निदान शेवटचा आकडा स्वच्छ मिळेल. नाही थांबलं तर तुझी तुलनाच मोडली. मग नव्या सोसायट्या, नवी मोजणी. वर्ष गेलं असं समज.”

मुलुंडच्या हॉस्पिटलमधली जागा या पदवीवर अडून होती. तिथल्या लोकांनी एकदा थांबायचं कबूल केलं होतं, दुसऱ्यांदा केलं नसतं. मानसी मान डोलावून बाहेर पडली. जिन्यात येईपर्यंत ‘मूळपदावर’ हा शब्द तिच्या डोक्यात नुसताच फिरत होता. जिन्याच्या कठड्याला हात लागला तशी ती थबकली, आणि मग उरलेल्या पायऱ्या सावकाश उतरली.

संध्याकाळी ती घरी न जाता थेट डी सोसायटीत गेली. फाटकातून आत शिरतानाच इमारतीखालच्या पार्किंगमधून आवाज आला.

“श्वास रोखू नका. घाई नको. गुडघ्याला विचारा, बाबा रे, येतोस का वर?”

पहिली दोन वाक्यं मानसीची होती, हॉलमध्ये रोज म्हणायची ती. तिसरं बालवाडीतलं असावं.

स्कूटरींच्या दोन रांगांमधल्या मोकळ्या जागेत प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. खुर्च्यांवर डी मधली सगळी म्हातारी मंडळी, आणि त्यांच्यासमोर पदर खोचून प्रेमा उभी. मानसी दिसताच प्रेमाचे वर गेलेले हात तसेच राहिले. मग तिने ते हळूच खाली घेतले.

“चला, आजच्यापुरतं पुरे,” ती म्हणाली.

“थांबा आई.” मानसीचा आवाज चढला नाही, पण खुर्च्यांवरची कुजबुज बंद झाली. “कधीपासून?”

“तुझी पहिली मोजणी झाली, त्याच्या पुढच्या आठवड्यापासून.”

“आणि मला दर वेळी ‘नवीन काही नाही’ असं लिहून देत होतात?”

“मी विचारलं गो त्यांना. ह्या म्हणाल्या, नवीन काय त्यात, आम्ही जन्मापासून उठतोय नि बसतोय.” प्रेमाने पदराने कपाळ पुसलं. हसू आणायचा प्रयत्न फसला, तशी ती पुढे म्हणाली, “वनमालानं मला विचारलं, कागद वाचून गुडघा वाकतो का? काय सांगू मी तिला? चिठ्ठी माझ्याच हातांनी उचललेली. बाकीच्या दोन सोसायट्यांत मला कोणी विचारलं नाही, म्हणून तिकडे नाही केलं.”

“हॉलमधलं तुम्हाला कसं कळलं?”

“दाराशी चहा घेऊन थांबायचे ना मी. तुझं बघून बघून.”

मानसीने सगळ्यांकडे वळून समजावून सांगितलं. तुलना म्हणजे काय, एक गट तसाच राहायला का हवा, तीन महिन्यांनी त्यांची पाळी कशी येणार आहे.

“असं होय,” अण्णा म्हणाले. ते ट्रॉम्बेच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, सोसायटीचे जुने सेक्रेटरी. “आम्हाला कुठे ठाऊक होतं पोरी? प्रेमाबाई म्हणाल्या सुनेचाच व्यायाम आहे, आम्हाला वाटलं चालतंय. तुझ्या शिक्षणाची वाट नको लागायला आमच्यापायी. बंद करतो आम्ही.”

“तीनच महिने,” मानसी म्हणाली.

“तीन महिने काय, बसलोच होतो की इतकी वर्षं.”

ते सहज म्हणाले होते, त्यात टोमणा नव्हता. माणसं एकेक करून उठली. कोणी मानसीच्या खांद्यावर हात ठेवला, कोणी चहाला वर बोलावलं. प्रेमा रिकाम्या खुर्च्या एकीत एक घालून रचू लागली.

वनमालाबाई तेवढ्या अजून बसून होत्या.

“मी गेल्या महिन्यात एकटी खाली आले,” त्या मानसीला म्हणाल्या. “तिसऱ्या मजल्यावरून. सुनेला वाटलं मी बाथरूममध्ये आहे. इथे खाली येऊन भाजीवाल्याशी भांडले नि वर गेले.” त्या स्वतःशीच हसल्या. “तेवढं झालं, बास.”

त्यांनी खुर्चीच्या हातांवर जोर दिला आणि त्या उठू लागल्या. दोन्ही पाय एकमेकांना चिकटलेले, टाचा पुढे, गुडघे आत वळलेले. अर्ध्यावर आल्यावर त्यांनी ओठ घट्ट मिटले आणि श्वास धरला.

मानसी बघत राहिली. प्रेमाने सगळं बरोबर उचललं होतं, फक्त पाय नाही. दाराशी उभं राहून खांदे आणि हात दिसत असतील, पाय दिसले नसतील. असंच आणखी चाललं असतं, तर गुडघे दुखायला लागले असते.

“बसा,” ती म्हणाली.

“काय गं?”

“बसा परत.” तिने पर्स जमिनीवर ठेवली आणि वनमालाबाईंसमोर उकिडवी बसली. त्यांचा उजवा घोटा दोन्ही हातांत धरून तिने टाच मागे सरकवली. मग डावी. दोन्ही पायांत अंतर घेतलं. “आता आधी पुढे वाका. अजून. माझ्या तोंडावर पडाल असं वाटलं पाहिजे. श्वास सोडा. उठा.”

वनमालाबाई उठल्या. खुर्चीच्या हातांना त्यांनी हात लावला नव्हता, हे त्यांच्या ध्यानात उशिरा आलं. त्यांनी आधी स्वतःच्या तळव्यांकडे पाहिलं आणि मग मानसीकडे.

मागे खुर्च्या रचल्याचा आवाज थांबला होता. फाटकाकडे निघालेले अण्णा वळून उभे राहिले.

“मानसी,” प्रेमा हलक्या आवाजात म्हणाली, “मॅडमना काय सांगशील मग?”

“जे झालं ते.” मानसी वनमालाबाईंकडे वळली. “पुन्हा एकदा, वनमालाकाकू. अण्णा, तुम्ही पण या. सगळ्यांच्याच टाचा चुकतायत.”

खुर्च्या परत सुट्या होऊ लागल्या. प्रेमाने वरची एक उचलून अण्णांना दिली, दुसरी पुढे सरकवली. सगळे बसले तरी एक खुर्ची उरली. ती घेऊन प्रेमा मागच्या ओळीत, खांबाच्या आडोशाला जाऊन बसली आणि साडीच्या निऱ्या गुडघ्यांशी सारख्या केल्या.

मानसी पहिल्या ओळीतून पाय बघत बघत मागे आली. खांबापाशी थांबली.

“आई,” ती खाली बसत म्हणाली, “पाय दाखवा.”